फ्रिजवरचा कागद

९ नोव्हेंबर १९९६

नेड्रा,

काल तुझ्या घरी जाऊन पाइपातलं सगळं पाणी काढून टाकलं. थंडी लवकर आलीये या वर्षी, पाणी राहिलं असतं तर एकूण एक पाइप फुटला असता. जाताना तू किल्ली परत मागितली नाहीस, म्हणून ती माझ्याकडेच ठेवायची आहे असं धरून चाललोय. चुकत असेन तर कळव, पोस्टाने पाठवीन.

मागच्या दाराचं बिजागर करकरत होतं, त्याला तेल दिलं. फ्रिजचं बटण बंद करून दार उघडं ठेवलंय, नाहीतर वास मारेल. दारावरचं काही हलवलं नाही.

ऑरिनच्या मरणाबद्दल गावात कुणी तुला दोष देत नाही. म्हणजे तोंडावर देत नाही, आणि तू इथे नाहीस, तेव्हा तोंडाचा प्रश्नच नाही. ऑक्टोबरात तू कुणाला न सांगता लव्हॉन मावशीकडे आयडाहोला निघून गेलीस, त्याचं लोकांना वाईट वाटलं. चर्चच्या बायका तुझ्या दारात बटाट्याची भांडी ठेवून गेल्या होत्या. ती मी धुऊन ज्याची त्याला पोचवली.

मीही तुला दोष देत नाही. शेरीफला सांगितलं तेच तुलाही परत सांगतो. ऑगस्टातल्या त्या रविवारी मी वेगासहून फोन केला, रेक्स आणि मी बाहेर आलोय, ऑरिन एकटाच घळीच्या खालच्या तोंडाने येतोय, असं सांगितलं. तू घाईत असशील. ऐकलंस आणि कागद काढून टाकलास. माणसाच्या हातून होतं असं. बारा वर्षं तुझ्या फ्रिजवर आमचे कागद लागत आले, किराण्याच्या यादीशेजारी: कुठे जातोय, कधी बाहेर येणार, कधीपर्यंत निरोप आला नाही तर शेरीफला फोन करायचा. बारा वर्षांत एकदाही तुझी चूक झाली नाही. ज्याच्या घरी कागद त्याच्यावर जबाबदारी, हा नियम तूच आम्हाला पाठ करून घेतलास, आम्ही सोळा-सतरा वर्षांचे होतो तेव्हा.

फोनवर तू ऑरिनचा आवाज ऐकलास म्हणतेस, त्याबद्दल मी काय बोलू. दुःखात माणसाला काहीही ऐकू येतं.

वेल्डन


१५ डिसेंबर १९९६

नेड्रा,

लव्हॉन मावशीचं पत्र आलं. माझी तीन पत्रं तू न फोडता ड्रॉवरमध्ये टाकलीस म्हणते. हे चौथं. ड्रॉवर मोठा असेल अशी आशा आहे.

मावशीने लिहिलंय की तू तिच्या घरातला फोन टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवलास. वाजला की थरथरतेस, आणि वाजला नसताना ‘वाजला का’ असं विचारतेस. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. सुरुवातीला तू म्हणायचीस, मी माझ्या भावाचा आवाज ऐकला, मी काही वेडी नाही. आता म्हणतेस, नसेल ऐकला, मलाच तसं वाटलं असेल. मावशी लिहिते की आता तू वाद घालत नाहीस, ही सुधारणेची खूण आहे असं डॉक्टर म्हणतात.

मावशीचं ते वाक्य वाचल्यापासून मला जेवण जात नाही. गॅरेजमध्ये काल एका ट्रकचं इंजिन खोललं आणि परत बसवताना दोन बोल्ट हातात उरले. दहा वर्षं मेकॅनिकचं काम करतोय मी. मालक म्हणाला, वेल्डन, हे बोल्ट तुझ्या डोक्यातून पडलेत का.

तू विचारलं नाहीस, पण त्या सहलीचं सांगतो. तू वाचणार नसशील तर सांगायला सोपंच.

शुक्रवारी सकाळी आम्ही तिघं रेक्सच्या पिकअपमधून निघालो. बेत दोन होते. कागदावरचा बेत असा: हॅचेट घळ वरच्या तोंडाने उतरायची, शनिवारी संध्याकाळपर्यंत खालच्या तोंडाने बाहेर, रविवारी दुपारी बारापर्यंत निरोप नाही तर फोन. कागदावर नसलेला बेत असा: शनिवारी मधल्याच वाटेने चढून बाहेर पडायचं आणि थेट वेगास गाठायचं. तो तुला सांगितला नव्हता, कारण तू पत्त्यांचा जोडसुद्धा घरात ठेवू देत नाहीस. ऑरिन म्हणाला होता, म्हातारीला, म्हणजे तुला, वेगास सांगायचं म्हणजे बिशपला बिअर पाजायची.

शुक्रवार छान गेला. भिंती इतक्या जवळ की पाठीवरची सॅक काढून आडवं चालावं लागत होतं. गुडघाभर गार पाणी, आणि वर हातभर आकाश. ऑरिनला सर्दी झाली होती, तो नाक ओढत गात होता, आणि रेक्स त्याची हुबेहूब नक्कल करत होता. रेक्सची नक्कल तुला माहीतच आहे. शाळेत मुख्याध्यापकांच्या आवाजात त्याने अख्ख्या वर्गाला सुट्टी दिली होती.

शनिवारी सकाळी मधल्या वाटेपाशी भांडण झालं. ऑरिनला तिथून बाहेर पडायचं नव्हतं. खालचा अर्धा भाग त्याने कधी पाहिला नव्हता आणि तो पाहिल्याशिवाय जायची त्याची तयारी नव्हती. रेक्स म्हणाला, दगड बघायचेत की बायका बघायच्यात. ऑरिन म्हणाला, तुम्ही जा. मी खालून निघतो, रस्त्यावर कुणाच्या तरी गाडीला हात करतो आणि घरी जातो. आज रात्री म्हातारीच्या हातचं जेवतो.

आम्ही शोधपथकाचे स्वयंसेवक, तिघंही. पाहुण्यांना पहिला धडा आम्हीच शिकवतो: गट फोडायचा नाही. आम्ही फोडला. दोर एकच होता. ऑरिन म्हणाला, मला नको.

आज इतकंच.

वेल्डन


२ फेब्रुवारी १९९७

नेड्रा,

पाकिटावर लिहिलंय तेच परत: हे पत्र फोड. बाकीची पेटव, पण हे फोड. मावशी, ती फोडत नसेल तर तू फोड आणि तिच्यासमोर बसून मोठ्याने वाच.

काल पथकाचं वार्षिक शिबिर होतं. सहा नवी माणसं आली होती. थेन आपला प्रमुख, तुला माहीत आहे, सरळ माणूस, कुणाचं वाईट चिंतणार नाही. त्याने फळ्यावर हॅचेट घळीचा नकाशा काढला आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं: चूक – घरच्या माणसाने कागद वेळेआधी काढला. सहाही जणांनी ते वहीत उतरवून घेतलं. त्यात एक तरुण बाई होती, शाळेत शिकवते. तिने विचारलं, त्या बाईंचं पुढे काय झालं? मागून कुणीतरी सांगितलं, डोक्यावर परिणाम झाला, मेलेल्या भावाचा आवाज ऐकू येतो म्हणते.

मी तिथेच होतो, तिसऱ्या रांगेत. नव्या माणसांना दोराच्या गाठी शिकवायचं काम माझ्याकडे होतं. मी उठलो आणि गाठी शिकवल्या.

आता ऐक.

ऑरिन दोर नको म्हणाला नव्हता. रेक्स आधीच वर चढून गेला होता आणि मी निम्म्यात होतो, दोर माझ्या खांद्यावर. खालून ऑरिन म्हणाला, ‘वेल्डन, दोर टाकून जा रे.’ मी म्हणालो, ‘तिथे उतार आहे, उडी मारायचीसुद्धा गरज नाही, चालत जाशील.’ मी तो भाग पाहिलेला नव्हता. दोर नवा होता, माझा होता, आणि मला खाली उतरून परत चढायचा कंटाळा आला होता. इतकीच गोष्ट. तो म्हणाला, ‘बरं, कंजूष.’ हसत म्हणाला. ते त्याचं मी ऐकलेलं शेवटचं बोलणं.

संध्याकाळी आम्ही वेगासला पोचलो. त्या शहराबद्दल तू जे म्हणतेस ते सगळं खरं आहे, फक्त तू म्हणतेस त्याहून ते जास्त कंटाळवाणं आहे. गालिचे, गारठा, आणि घड्याळ कुठेच नाही. तुझ्या वयाच्या बायका नाण्यांनी भरलेले प्लास्टिकचे पेले मांडीवर घेऊन यंत्रांपुढे बसलेल्या, कुणीच हसत नाही. रेक्स फाशांच्या टेबलावरून हलेना. मी त्याच्या मागे उभा राहून फुकटची पेयं पीत होतो.

रविवारी सकाळी नाश्त्याच्या रांगेत एका माणसाच्या मनगटावर घड्याळ दिसलं: पावणेअकरा. म्हणजे तुझ्याकडे पावणेबारा, तिथलं घड्याळ एक तास मागे असतं. बाराला तू शेरीफला फोन करशील. ऑरिन रात्रीच घरी पोचला असणार, तेव्हा प्रश्नच नाही, असं मी स्वतःला सांगितलं. तरी पण फोन शोधायला गेलो. स्वच्छतागृहाशेजारी सार्वजनिक फोन होते. रेक्स माझ्यामागे आला, हातात तळलेल्या मांसाची बशी घेऊन.

तू पहिल्या घंटीला उचललास. माझं नाव ऐकून म्हणालीस, ‘अरे देवा, बरं झालं. मी आत्ता शेरीफला लावणारच होते. कुठे आहात तुम्ही?’

तेव्हाच मला कळलं, नेड्रा. ऑरिन घरी नव्हता. तू ‘तुम्ही’ म्हणालीस आणि मला कळलं. हे सहा महिने मी कुणाला सांगितलं नाही, स्वतःलाही नाही. मला तिथेच, त्या फोनपाशी, पक्कं कळलं होतं.

खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? तू शेरीफला फोन केला असतास, थेन माणसं घेऊन निघाला असता, आणि ऑरिन त्यांना रस्त्यावर चालत येताना भेटला असता. मग गावभर झालं असतं की पथकातल्या दोघांनी तिसऱ्याला घळीत सोडलं आणि जुगार खेळायला गेले. माझा पथकाचा शर्ट काढून घेतला असता. बस, हा शर्ट जाईल याची भीती वाटली मला. तो संध्याकाळपर्यंत येईलच, कुठेतरी सावलीत झोपला असेल, असं मनाशी म्हटलं आणि तुला सांगितलं, ‘सगळे बाहेर आलोय. वेगासला आहोत. रागावू नकोस.’

तू रागावलीस. मग म्हणालीस, ‘ऑरिनला दे.’

मी रेक्सकडे बघितलं. फोन त्याच्यापुढे धरला. रेक्सने बशी खाली ठेवली, दोन बोटांनी नाक दाबलं आणि ऑरिनच्या सर्दीच्या आवाजात म्हणाला, ‘जिवंत आहे गं म्हातारे.’

तो तुला नेहमी तेच म्हणायचा ना. प्रत्येक घळीतून बाहेर आला की पहिल्या फोनवर तेच. तू शेरीफला हेच वाक्य सांगितलंस, अक्षर अन् अक्षर, आणि मी शेजारी बसून मान हलवली, बिचारी, अशी.

तू हसलीस. फोनमधून कागद फाटल्याचा आवाज आला. तू म्हणालीस, ‘फाडला बघ तुमचा कागद. उद्या जेवायला या तिघंही.’ रेक्स बशी उचलून चालू लागला.

सोमवारी संध्याकाळी तुझ्या अंगणात गाडी लावली तेव्हा तू एप्रनला हात पुसत बाहेर आलीस आणि गाडीत वाकून पाहिलंस. ‘ऑरिन कुठाय?’

रेक्स म्हणाला, ‘घरी नाही आला? तो आमच्याबरोबर नव्हता, नेड्रा. आम्ही फोनवर सांगितलं होतं की तुला.’

तू माझ्याकडे बघितलंस. ‘वेल्डन, तो बोलला माझ्याशी.’

मी म्हणालो, ‘नाही, नेड्रा.’

दोनच शब्द. लहानपणी तू मला ताटात वाढलंस, माझी आई दारू पिऊन पडलेली असायची तेव्हा माझे कपडे धुतलेस, आणि मी तुला हे दोन शब्द दिले. टेबलावर चार ताटं मांडलेली होती, दारातून दिसत होती.

पुढचं तुला माहीत आहे असं तुला वाटतं, पण सगळं माहीत नाही. सोमवारी दुपारी तीनला वरच्या पठारावर वीस मैलांवर पाऊस पडला आणि घळीत पाण्याचा लोंढा आला. बुधवारी तो सापडला. सगळ्यात पुढे मीच होतो. मधल्या वाटेच्या खाली दोन वळणांवर बारा फुटांचा सरळ कडा आहे. उतार नाही. दोर असता तर मिनिटाचं काम. त्याने उडी मारली होती आणि मांडीचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले की तो सोमवारपर्यंत जिवंत होता, पाण्याने गेला. म्हणजे रविवारी बाराला तू फोन केला असतास तर संध्याकाळी तो स्ट्रेचरवर असता आणि आम्हाला शिव्या देत असता.

एक गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. त्याची सॅक त्याने हात पोचेल तितक्या वर, एका कपारीत सरकवून ठेवली होती, पाणी पोचलं नव्हतं तिथे. पिवळं जाकीट बाहेरून बांधलेलं, लांबून दिसावं म्हणून. मी ती उघडली. झोपायची पिशवी गुंडाळलेली, स्टोव्ह पुसून ठेवलेला, पट्टे आवळलेले. आवरून बसलेला माणूस तो. त्याला माहीत होतं की रविवारी बाराला म्हातारी फोन करणार, आणि त्याने तयार राहायचं ठरवलं होतं. त्याने तुझ्यावर एका मिनिटाचाही अविश्वास धरला नाही, आणि तो बरोबर होता. तू फोन हातात घेतलाच होतास.

सॅक मी गाडीत लपवून आणली. ती कुणी पाहिली असती तर विचारलं असतं की हा इतक्या खात्रीने कुणाची वाट बघत होता.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की मी तुला दोष देत नाही. ते वाक्य वाचून झालं असेल तर त्यावर थुंक.

तू ऐकलंस, नेड्रा. फोन झाला, आवाज आला, वाक्य तेच होतं. तुझे कान ठीक आहेत आणि डोकंही ठीक आहे. गोळ्यांचं डॉक्टरांना विचार, पण आधी त्यांना हे पत्र वाचायला दे. उद्या सकाळी मी शेरीफकडे जातोय आणि तिथून थेनकडे. फळा पुसला जाईल.

वेल्डन


२३ मार्च १९९७

नेड्रा,

तुझं कार्ड मिळालं. पाच महिन्यांत पहिलंच, आणि त्यावर एकच ओळ: त्याची सॅक कुठे आहे. सही नाही. अक्षर सरळ आहे, एवढं पाहिलं.

शेरीफने जबाब लिहून घेतला. फोनवर खोटं बोलल्याबद्दल कोणता गुन्हा लावायचा ते वकील ठरवतील. मी त्यांना म्हणालो, मोठ्यातला मोठा लावा. ते म्हणाले, वेल्डन, इथे मागणीप्रमाणे मिळत नाही. रेक्स वेगासला असतो, एका जुगारखान्यात लोकांच्या गाड्या लावतो. मी जाऊन भेटलो. आधी नाही म्हणाला, मग म्हणाला गंमत होती, मग रडला, मग परत नाही म्हणाला. त्याची सही मिळाली नाही. माझी एकट्याची आहे.

थेनने शर्ट मागितला नाही. मीच धुऊन, इस्त्री करून त्याच्या पायरीवर ठेवला. पुढच्या रविवारी चर्चमध्ये त्याने उभं राहून तुझं नाव घेतलं आणि गावाच्या वतीने माफी मागितली. मी शेवटच्या बाकावर होतो. माझ्या बाकावर दुसरं कुणी बसलं नाही. बटाट्याची भांडी घेऊन येणाऱ्या बायका आता मला बघून रस्ता ओलांडतात, आणि त्यांचं बरोबर आहे.

सॅक माझ्याकडे आहे. पट्टे मी सोडले नाहीत, त्याने आवळलेत तसेच आहेत. पोस्टाने पाठवायला मन होत नाही, म्हणून घेऊन येतो. दारात ठेवीन आणि जाईन. तू दार उघडलं नाहीस तरी चालेल.

काल तुझ्या घरी गेलो होतो. फ्रिजवर तुझ्या ट्राउट माशाच्या चुंबकाखाली त्या कागदाचा कोपरा अजून आहे. तू घाईने ओढलास आणि तेवढा मागे राहिला. त्यावर ‘रवि. १२’ एवढंच आहे, ऑरिनच्या अक्षरात. तो या पाकिटात घातलाय. मला ठेवून घ्यायचा होता, पण तो माझा नाही.

बाहेर पडण्याआधी कागद लावायचा असतो. माझा कागद ठेवायला आता गावात घर नाही, म्हणून तुझ्याकडे पाठवतोय. मावशीच्या फ्रिजवर लाव, नाहीतर फाड.

कोण: वेल्डन, एकटा.
कुठे: घरून आयडाहो, आतल्या रस्त्याने. खिंडीत अजून बर्फ आहे.
निघणार: शुक्रवार, २८ मार्च, सकाळी सहा.
पोचणार: त्याच दिवशी संध्याकाळी सातपर्यंत.
नाही पोचलो तर:

शेवटचा रकाना मी कोरा सोडलाय. तो तू भर.

वेल्डन